सोयाबीनच्या वाणागणिक आयसोफ्लेव्होन किती बदलते? दोन अहवालांचा मेळ बसत नाही

दळणकांडण, नागपूर:

नमस्कार. उमरेड रस्त्याला आमच्या बचत गटाचा भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाचा लहानसा उद्योग आहे. पाकिटावर आयसोफ्लेव्होनचे (सोयाबीनमधल्या एका नैसर्गिक द्रव्यगटाचे) प्रमाण छापावे अशी एका घाऊक ग्राहकाची अट असल्याने आम्ही दोन वाणांचे कच्चे दाणे दोन निरनिराळ्या खासगी प्रयोगशाळांकडून तपासून घेतले. पहिल्या वाणात ग्रॅममागे १.९ मिलिग्रॅम, तर दुसऱ्यात १.३ मिलिग्रॅम असे आकडे आले. (वाणांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण मग चर्चा बियाण्याच्या पिशवीच्या भावावर घसरते.) पहिला माल खरिपाचा असून कळमना बाजारातून घेतला होता, दुसरा ओळखीच्या एका शेतकऱ्याने बियाण्यासाठी केलेल्या उन्हाळी पिकातला आहे. दुसऱ्याचे दाणे टपोरे आहेत आणि त्याच्या पिठाला तुरटपणा कमी आहे, म्हणून गटातल्या बायकांचा कल त्याच्याकडे आहे. तरीही आकड्यांवर विसंबून यापुढे पहिलेच वाण घ्यावे काय?

अन्नतंत्र_शिक्षक:

ताई, वाण बदलण्याआधी दोन्ही अहवालांच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते कृपया पाहावे. सोयाबीनच्या दाण्यात डेडझेईन, जेनिस्टेईन आणि ग्लायसिटेईन ही आयसोफ्लेव्होनची तीन मूळ द्रव्ये असली, तरी ती बहुतेक सगळी साखरेच्या रेणूला जोडलेल्या रूपांत असतात, आणि मोकळी व जोडलेली अशी सारी रूपे मिळून १२ भरतात. जेनिस्टेईनचा रेणुभार २७०, तर ग्लुकोज जोडलेल्या जेनिस्टिनचा ४३२ आहे; म्हणजे द्रव्य तेवढेच असूनही साखरेसह मोजले की आकडा सुमारे १.६ पट फुगतो. काही प्रयोगशाळा साखर तोडून उरलेला गाभा मोजतात, काही साखरेसकट आकडा देतात, आणि दोघांच्याही मथळ्यावर ‘एकूण आयसोफ्लेव्होन’ असेच छापलेले असते.

दळणकांडण, नागपूर:

सर, आम्ही तिघींनी चष्मे लावून वाचले. पहिल्या अहवालात ‘ग्लुकोसाइड स्वरूपात’ आणि दुसऱ्यात ‘अग्लायकोन स्वरूपात’ असे लिहिलेले आहे.

अन्नतंत्र_शिक्षक:

ग्लुकोसाइड म्हणजे साखरेसकट आणि अग्लायकोन म्हणजे साखर तोडून उरलेला गाभा. मग १.९ ला १.६ ने भागा. उत्तर जवळपास १.२ येते. म्हणजे तुम्ही बाजूला सारायला निघालेले वाण मागे नाहीच, झाले तर किंचित पुढे आहे. अर्थात एकेका नमुन्यावरून मी तेवढेही ठामपणे म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट अशी की, कच्च्या दाण्याचा अहवाल भाजलेल्या पिठाच्या पाकिटावर छापता येत नाही. कच्च्या दाण्यात साखरेवर मॅलोनिल नावाचा आम्लगट जोडलेली रूपे पुष्कळ असतात आणि ती उष्णतेने टिकत नाहीत; भाजताना त्यांतला बराच भाग अ‍ॅसिटिल रूपांत आणि साध्या ग्लुकोसाइडांत बदलतो. तपासणी पिठाचीच करून घ्यावी.

काळी_माती, कळमेश्वर:

शिक्षकांनी हिशेब लावून दिला, पण शेताची बाजू राहून गेली. वाणावाणांत फरक खरोखरच असतो, आणि तो कधी कधी दुपटीहूनही अधिक असतो; मात्र एकच वाण दोन हंगामांत किंवा दोन गावांत वेगवेगळे आकडे देते, हेही तितकेच खरे आहे. दाणे भरण्याच्या काळातले तापमान हे त्याचे मोठे कारण आहे. हवा थंड असली की दाण्यात आयसोफ्लेव्होन अधिक साठते, उष्णता वाढली की घटते. आपल्याकडे उन्हाळी सोयाबीनचे दाणे एप्रिलमध्ये, पारा चाळिशीपार असताना भरतात. खरिपाचे दाणे ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरमध्ये भरतात. तेव्हा आपले दुसरे वाण उन्हात होरपळूनही बरोबरीला आले असेल, तर खरिपात ते काय देईल हे पाहण्यासारखे आहे.

शिवाय बाजारात ढिगाने घेतलेला माल एकाच वाणाचा असेल याची खात्री आडत्याही देणार नाही. तुलना करायची तर दोन्ही वाणे एकाच शेतात, एकाच दिवशी, शेजारशेजारच्या तासांत (ओळींत) पेरावी लागतात.

जाता जाता एक खुलासा करतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचे एनआरसी १२७ हे वाण ‘आरोग्यदायी’ म्हणून सांगितले जाते, पण त्याचे वैशिष्ट्य असे की, पचनात अडथळा आणणारे कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर हे प्रथिन त्यात नाही. त्याचा आयसोफ्लेव्होनशी संबंध जोडू नये.

डाळमिल_कामगार:

ताई दाणे भाजून त्यांची डाळ पाडतात की सालीसकट दळतात, हे कोणीच विचारले नाही. दाणा फुटताना त्याच्या टोकाशी असलेला चोचीसारखा लहान अंकुर सुटतो आणि चाळणीतून खाली जातो. त्याचे वजन दाण्याच्या जेमतेम २ टक्के असते.

अन्नतंत्र_शिक्षक:

फार मोलाचा मुद्दा मांडलात. त्या अंकुरात आयसोफ्लेव्होन दलांच्या (दाण्याच्या दोन फाकांच्या) कित्येक पट दाट असते, आणि ग्लायसिटेईन तर मुख्यतः तिथेच सापडते. दलांचे वजन मोठे असल्याने एकूण साठ्याचा अधिक वाटा दलांतच राहतो हे खरे. तरीही अंकुर गेला म्हणजे वजनाच्या मानाने बरेच गेले. सालीत मात्र ही द्रव्ये फारशी नसतात, म्हणून साल पाखडून टाकण्यास हरकत नाही.

दळणकांडण, नागपूर:

सर्वांचे मनापासून आभार. पाकिटावर सध्या कोणताही आकडा छापायचा नाही, असे आज गटाच्या बैठकीत ठरले, आणि ग्राहकाला तसे कळवले आहे. येत्या खरिपात तोच शेतकरी दोन्ही वाणांची प्रत्येकी चार तासे एकाच धुऱ्यालगत पेरून द्यायला तयार झाला आहे. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, पीठ करून, ‘अग्लायकोन स्वरूपात’ असे अर्जावर लिहूनच देऊ. राहिली डाळीची गोष्ट. आम्ही डाळ पाडूनच दळतो, आणि चाळणीखालची सगळी चुरी गेली दोन वर्षे शेजारच्या गाईला घालतो आहोत.