वाचनकट्टा : ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’वर ग्रुपमध्ये झालेली चर्चा

बाई (बी-३०१) :
मंडळी, पाऊस हटायचं नाव घेत नाही, त्यामुळे गच्चीवरचा कट्टा रद्द. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनी इथंच लिहा. एक प्रत माझ्याकडे परत आली आहे, दुसरी सी-२०४ मध्ये आहे. नुसता अंगठा पाठवू नका. काय पटलं, काय खटकलं ते सांगा. लेखकाबद्दल थोडक्यात : एरिख मारिया रेमार्क, जर्मन. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, पश्चिम आघाडीवर तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. कादंबरी आधी १९२८ मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः आली, १९२९ मध्ये पुस्तक झालं. आता तुम्ही बोला.

ए-३०३ :
मी सुरुवात करतो. २०२२ चा जर्मन सिनेमा मी आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचलं. मला सिनेमा जास्त भिडला. विशेषतः शेवट. ११ नोव्हेंबर १९१८, सकाळी अकरा वाजता तोफा थांबणार हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तेवढ्या वेळात एक जनरल आपल्या हट्टापायी हल्ल्याचा हुकूम देतो. कादंबरीचा नायक, जर्मन शिपाई पाउल बॉयमर, अगदी शेवटच्या क्षणी मरतो. अंगावर काटा आला. पुस्तकात मात्र तो ऑक्टोबरमध्येच जातो आणि त्याला जेमतेम दोन परिच्छेद मिळतात. एवढं सगळं ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं मरण असं आटोपतं घ्यायला नको होतं.

बाई (बी-३०१) :
सर, मला नेमकं उलटं वाटलं. सिनेमा तुम्हाला एक गुन्हेगार देतो. तो जनरल. त्याच्यावर राग काढला की प्रेक्षक मोकळा झाला. पुस्तकात पाउल अशा दिवशी मरतो की त्या दिवशीच्या लष्करी अहवालात आघाडीवर विशेष काही नाही असं लिहिलेलं असतं. कुणाचा हट्ट नाही, शेवटचा मिनिट नाही. दोष कुणाला देणार? मला वाटतं लेखकाला वाचकाची ती सुटका करायचीच नव्हती.

आणि पाउल सुट्टीवर घरी येतो ते प्रकरण सिनेमानं गाळलं आहे. ते मला अजिबात पटलेलं नाही. त्या कादंबरीतून ते काढलं तर उरतो फक्त चिखल आणि रक्त.

बी-२०२ :
बाई, मला पहिलं प्रकरण फार आवडलं. कंपनीत १५० जण होते, आचाऱ्यानं दीडशेंचा स्वयंपाक केला, आणि आघाडीवरून परत आले ऐंशी. आचारी म्हणतो, ऐंशीजणांपुरतंच वाढणार. पोरं भांडून दीडशेंचं जेवण घेतात आणि खूश होतात. सत्तर जण गेल्याचा आनंद नाही त्यांना, पण पोट भरल्याचा आहे. दोन्ही एकाच ताटात. मग केमरिख या सोबत्याचे बूट. तो दवाखान्यात मरायला टेकलाय, पाय कापलाय, आणि दुसऱ्या सोबत्याची, म्युलरची, नजर त्याच्या चांगल्या बुटांवर. वाचताना म्युलरचा राग येईल असं वाटलं, पण येत नाही. पुढे ते बूट म्युलरकडून पाउलकडे येतात तेव्हा कळतं की बूट मालकांपेक्षा जास्त टिकतायत.

सुभेदारकाका (ए-१०२) :
मला इंग्रजी तेवढं येत नाही. नातीनं रोज रात्री थोडं थोडं वाचून मराठीत सांगितलं. लंगराचं बरोबर लिहिलंय. जेवणावरनं फौजेत जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरनं होत नाहीत. त्यो हिमेलश्टोस उस्ताद, आधी पोस्टमन असलेला, त्याच्यासारखा रगडा देणारा एकतरी प्रत्येकाला भेटतोच. पण रगड्याशिवाय रंगरूट शिपाई होत नाही हे बी खरं. पाउल स्वतःच म्हणतो ना की ते कडक झाले नसते तर खंदकात टिकले नसते.

सुट्टीचं प्रकरण मी नातीकडनं दोनदा वाचून घेतलं. सतरा दिवसांची सुट्टी. आई अंथरुणाला खिळलेली. बाप म्हणतो वर्दी घालून चल, म्हंजे चार लोकांत मिरवता येईल. पोरगं घालत नाही. मास्तर लोक त्याला टेबलावर बसवून युद्ध कसं जिंकायचं त्ये शिकवतात, आणि वर ऐकवतात की तुला तुझ्यापुरतं दिसतं, सगळा पसारा कळत नाही. मी सुट्टीवर आलो की स्टँडवर उतरल्यावर पहिला प्रश्न ‘कधी आलास?’, दुसरा ‘कधी जाणार?’. संध्याकाळी पारावर तिसरा, ‘किती मारलं?’. माणसं वाईट नव्हती, मायेनंच विचारायची. पण उत्तर काय द्यायचं?

ए-३०३ :
काका, मग तुम्ही काय सांगायचात?

सुभेदारकाका (ए-१०२) :
तिकडं थंडी लई असते, एवढं सांगायचो.

अजून एक सांगतो. पाउल सुट्टीत केमरिखच्या आईला भेटाय जातो. ती विचारते माझा पोरगा कसा गेला. हा म्हणतो जागच्या जागी गेला, काय कळलं बी नाही त्याला. ती शपथ घ्यायला लावते, हा शपथ घेतो. खोटी. नातीनं मला विचारलं, आजोबा, खोटी शपथ का घेतली? आमच्या पलटणीतला एक पोरगा गेला तवा मी त्याच्या गावी गेलतो. आईनं हाच प्रश्न केला, त्रास झाला का त्याला. मी म्हणालो, नाही आई. हा जर्मन माणूस ती गोष्ट लिहून गेलाय ह्याचंच मला नवल वाटलं.

वहिनी (सी-२०४) :
काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मी आज स्पष्टच लिहिते, कुणी राग मानू नका. मला हे पुस्तक आवडलं नाही. नीट शेवटपर्यंत वाचलंय, म्हणून बोलते. आमचे हे आत्ता ड्युटीवर आहेत. फोन लागला नाही की रात्र कशी जाते ते मला माहीत. त्यात हे पुस्तक मला नको ती चित्रं देऊन गेलं. माझा मुलगा अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतोय. त्याच्या हातात मी हे देणार नाही. शौर्य कुठं आहे यात? सगळे घाबरलेले, भुकेले, नाहीतर मरणारे. आणि ते युद्ध राजांच्या हट्टाचं होतं. आपले जवान स्वतःची सीमा राखतायत. दोन्ही एका मापानं कसं मोजायचं?

बी-२०२ :
वहिनी, पण या पुस्तकानं सैनिकांचं खच्चीकरण होतं, असं नाझीसुद्धा म्हणत होते. १९३० मध्ये या कादंबरीवरचा पहिला सिनेमा बर्लिनमध्ये लागला तेव्हा नाझी प्रचारप्रमुख गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या. १९३३ मध्ये पुस्तकं जाळली त्यात हेही होतं.

बाई (बी-३०१) :
थांब बाळा. माहिती बरोबर आहे, पण ती इथं वापरू नकोस. त्या लोकांना हे पुस्तक जगात कुणीच वाचायला नको होतं. वहिनी स्वतः वाचून, स्वतःच्या घराबद्दल बोलतायत. त्यांचा अधिकार तुझ्यामाझ्यापेक्षा मोठा आहे.

वहिनी, तुमचा युद्धायुद्धातला फरक मला पूर्ण मान्य आहे. पाउलला विचारलं असतं की तू कशासाठी लढतोस, तर त्याला सांगता आलं नसतं. आपल्याकडच्या जवानाला सांगता येतं. शौर्याचं मात्र मी जरा वेगळं वाचलं. पाउलचा जिवलग मित्र काटचिन्स्की, म्हणजे काट, याच्या नडगीला लागतं, तर हा विशीतला पोरगा त्याला पाठीवर घेऊन तोफांच्या माऱ्यातून दवाखान्यापर्यंत चालत जातो. पोचल्यावर कळतं की वाटेतच एक बारीक तुकडा काटच्या डोक्यात घुसलाय आणि आपण मेलेल्या माणसाला वाहून आणलंय. याला शौर्य नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पुस्तकात पदक नाही, भाषण नाही, म्हणून ते नजरेत भरत नाही.

मी स्वतः तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे मला सगळ्यात जास्त कांटोरेक मास्तर लागला. वर्गात रोज भाषणं देऊन त्यानं सगळा वर्ग भरतीला नेला. बेम नावाचा एक गुबगुबीत मुलगा तयार नव्हता, लोक भेकड म्हणतील म्हणून गेला, आणि पहिल्या काहींमध्येच मेला. मास्तर तेव्हा वर्गातच राहिला. माझ्या मते ही कादंबरी शिपायाला उद्देशून नाहीच. शिपायाला यातलं काही नवीन नाही, काकांनीच ते सांगितलं. ती मास्तरांना, बापांना, हॉटेलात बसून युद्ध जिंकणाऱ्यांना, घरी राहिलेल्या सगळ्यांना उद्देशून आहे. साताऱ्यात ती वाचायलाच हवी असं मी म्हणते ते यासाठी. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली इथं सुरू झालं. घरटी नाही तरी आळीआळीत एक फौजी आहे. जाणाऱ्याला आपण हार घालतो, परतलेल्याशी कसं बोलायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

बी-१०४ :
माझं माहेर अपशिंगे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे ४६ जण कामी आले. ब्रिटिशांनी उभारलेला स्मृतिस्तंभ गावात आहे, लहानपणी आम्ही तिथंच खेळायचो. पुस्तक वाचताना सारखं मनात येत होतं, पाउलला आई आहे, बहीण आहे, फुलपाखरांचा संग्रह आहे, काटच्या हातची हंसाची मेजवानी आहे. आमच्या त्या ४६ जणांना काय होतं? त्यांची सुट्टी कशी गेली? त्यांच्या आईला कुणी येऊन सांगितलं? आकडा आहे, गोष्ट नाही.

ए-३०३ :
हे वाचून मी जरा शोधलं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कुत-अल-अमारा गावात इंग्रजांच्या फौजेला १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांचा वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंच संपला. आत मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापावे लागले. आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस ते मांस खायला नकार दिला. गावाकडं कळलं तर जातीबाहेर टाकतील ही भीती. उपाशी राहिले. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात आणि छावण्यांत हजारो मेले. दीडशेंच्या जेवणाचा प्रसंग मला आता वेगळाच दिसायला लागलाय.

सुभेदारकाका (ए-१०२) :
घोड्यांचं निघालं म्हणून. जखमी घोडी ओरडतात आणि तो शेतकरी डेटरिंग म्हणतो की जनावरांना युद्धात आणणं हा सगळ्यात मोठा नीचपणा. त्यो माझा माणूस. पुढं बहरलेलं चेरीचं झाड बघून त्याला शेत आठवतं आणि त्यो पळून जातो, धरला जातो. पळणं चूकच. पण बैलपोळ्याला सुट्टी मिळाली नाही की आमच्यातली निम्मी पलटण दोन दिवस गप्प असायची.

बी-२०२ :
आपल्या शिपायांवर अशी कादंबरीच नाही का?

बाई (बी-३०१) :
एक नक्की आहे. मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’. पंजाबातला लालू नावाचा शेतकऱ्याचा मुलगा मार्सेय बंदरात उतरतो आणि तिथून खंदकात जातो. आपल्यातले दहा लाखांहून जास्त लोक त्या युद्धात समुद्रापार गेले, साधारण ७४ हजार परत आले नाहीत. त्या मानानं लिहिलं गेलं ते फारच थोडं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कित्येकांना लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं, त्यावर सेन्सॉरची नजर. आईला ‘मी खुशाल आहे’ यापलीकडे काय कळवणार?

बी-१०४ :
म्हणजे केमरिखच्या आईला सांगितलं तेच, आधीच लिहून पाठवलेलं.

वहिनी (सी-२०४) :
सगळं वाचलं. मुलाच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. परीक्षा होईपर्यंत मी त्याला हे देणार नाही. नंतर त्याचं तो ठरवील. ड्युवालचा प्रसंग तर मला आत्ता आठवला तरी कसंतरी होतं, खड्ड्यात एका फ्रेंच माणसाला भोसकून त्याच्याशेजारी तास न् तास बसणं, त्याच्या पाकिटातले बायकामुलीचे फोटो बघणं. सतरा वर्षांच्या मुलानं ते लगेच वाचायला हवं असं नाही.

पण काका, एक विचारायचंय. हे सुट्टीवर येतात तेव्हा पहिले दोनतीन दिवस गप्पच असतात. मला वाटायचं माझ्यावर चिडलेत. मी सारखं विचारत राहते, काय झालं, काय झालं. काकूंनी तुम्हाला काय विचारलेलं चाललं असतं?

सुभेदारकाका (ए-१०२) :
पोरी, चिडत नाही गं कुणी. शरीर घरी पोचतं, कान मागंच राहतात. तुझी काकू काय विचारायची नाही. भाकरी टाकायची आणि शेजारी काहीतरी निवडत बसायची. चारपाच दिवसांनी माझं मीच सुरू व्हायचं, मधनंच कुठनं तरी. तवा तिनं कधी ‘अगं बाई’ केलं नाही, ‘मग पुढं?’ केलं नाही. ऐकायची. आणि हे शेजारणीला सांगायची नाही. एवढं केलंस तर लई झालं.

वहिनी (सी-२०४) :
बरं काका. बाई, हे डिसेंबरात येतायत. प्रत तोपर्यंत माझ्याकडे राहू दे का? सातवं, म्हणजे सुट्टीचं, प्रकरण मला परत वाचायचंय, बाकीचं नाही.

बाई (बी-३०१) :
ठेवा की. पुढच्या कट्ट्याला मुल्कराज आनंद घेऊ, नगर वाचनालयात प्रत मिळते का ते मी उद्या बघते. बी-१०४, तुम्ही अपशिंग्याला जाल तेव्हा तिथल्या जुन्या माणसांना आज्यापणज्यांच्या गोष्टी विचारा आणि जमेल तशा लिहून आणा. काका, नातीलाही घेऊन या.

सुभेदारकाका (ए-१०२) :
येतो. तिनं आत्ताच विचारलंय, लालू परत येतो का म्हणून.

बाई (बी-३०१) :
तिला म्हणावं, वाचून बघ.