काटा निघाला नाही तरी

ताई, भीती वाटते म्हणजे आपला विश्वासच कमी, असं तुम्ही लिहिलंय. मला नाही तसं वाटत. येशूचा प्रेषित पौल, त्याने आपल्या ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत सलणारा त्रास, दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ (बायबल, करिंथकरांना दुसरं पत्र १२:९).

आईच्या ऑपरेशनच्या रात्री मला धड प्रार्थनासुद्धा सुचेना. वॉर्डबाहेरच्या बाकावर तिचं जुनं बायबल मांडीवर घेऊन बसलो होतो. स्तोत्र ४६ च्या पानावर हळदीचा डाग, म्हणजे स्वयंपाक करता करता वाचलेलं! ‘देव आमचा आश्रय’ एवढंच पुटपुटत राहिलो. भीती गेली नाही, हात कापतच होते. पण एकटा नव्हतो, हे मात्र पक्कं.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचंच बघा. आई, वडील, भाऊ, नवरा सगळे आधीच गेलेले आणि १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली. तरी ख्रिस्ताला धरून १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत बाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला चिकटून होत्या. त्यांना रडू आलं नसेल का?

‘विश्वासणाऱ्याने रडू नये’ म्हणणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. मित्र लाजर वारला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशूही रडला होता. आज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करतो.