घरासमोरचा काँक्रीटचा वाहनतळ : खर्च नेमका कशावर झाला?

घरासमोर एका मोटारीपुरती काँक्रीटची जागा करून घ्यायची म्हटले की ठेकेदार बहुधा चौरस फुटाचा एकच दर सांगतो आणि त्या दरात काय धरले आहे, काय वगळले आहे, हे काम सुरू झाल्यावर हळूहळू कळत जाते. ज्यांनी हे काम करून घेतले आहे त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. रकमा जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतात, त्यामुळे शक्यतो मापे, जाडी आणि अनपेक्षितपणे वाढलेल्या बाबी लिहाव्यात. तुलना सोपी जावी म्हणून १० फूट रुंद आणि २० फूट लांब अशी २०० चौरस फुटांची जागा गृहीत धरू.

*

आमची जागा जवळजवळ याच मापाची आहे. काँक्रीटचा हिशेब मी घरी बसूनच केला होता : ६ इंच जाडी धरली तर १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास, आणि ४ इंच धरली तर साधारण ६७ घनफूट. मात्र आमच्याकडची जमीन काळी, चिकण मातीची आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर ते तडकणार हे उघड होते. म्हणून एक फूट खोदून ८ इंच मुरूम आणि त्यावर ४ इंच काँक्रीट असे ठरले. एक फूट खोदाई म्हणजे २०० घनफूट माती, परंतु खणलेली माती मोकळी होऊन पाव पटीने तरी वाढते, त्यामुळे वाहून न्यायची माती अडीच ब्रासच्या घरात गेली. मुरुमाचे गणित नेमके उलटे आहे. तो धुमसाने दाबला की खाली बसतो, म्हणून भरायच्या मापापेक्षा बराच जास्त मागवावा लागतो. खोदाई, राडारोडा उचलणे, मुरूम, पाणी मारून थराथराने दाबणे आणि धुमसाच्या यंत्राचे भाडे, हे सगळे मिळून काँक्रीटच्या खर्चाच्या बरोबरीला आले. ज्यांची जमीन मूळचीच मुरमाड आहे त्यांचा हा खर्च बराच वाचेल, त्यामुळे शेजारगावच्या ओळखीच्या माणसाचा दर आपल्याला लागू पडेल असे मानू नये.

*

मी स्थापत्य अभियंता म्हणून काम केले आहे आणि माझ्या स्वतःच्या घरी हे काम करून घेतले, म्हणून जाडीविषयी थोडे सविस्तर लिहितो. खालचा थर चांगला दाबलेला असेल तर साध्या मोटारीला ४ इंच पुरतात. पाण्याचा टँकर किंवा मालवाहू गाडी कधीतरी आत येणार असेल तर ५ ते ६ इंच करावे. एम २० प्रतीच्या काँक्रीटला, म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या १ : १.५ : ३ या प्रमाणाला, एका घनमीटरमागे सिमेंटच्या साधारण ८ गोण्या लागतात. त्या हिशेबाने २०० चौरस फुटांना ४ इंच जाडीसाठी सुमारे १५ आणि ६ इंचांसाठी सुमारे २३ गोण्या होतात. फरक मुख्यतः मालाचा आहे. शटरिंग (काँक्रीट अडवण्यासाठी कडेने लावायच्या फळ्या), मिक्सरचे भाडे आणि पृष्ठभाग घासण्याची मजुरी दोन्हींत जवळजवळ सारखीच राहते, त्यामुळे जाडी दीडपट झाली तरी एकूण खर्च दीडपट होत नाही.

जाळीविषयी एक गैरसमज दृढ आहे. लोखंडी जाळी टाकली की तडे जात नाहीत, असे गवंडी सांगतात. प्रत्यक्षात जाळी तडा अडवत नाही, गेलेला तडा रुंदावू देत नाही, आणि तेवढेही काम ती जाडीच्या मध्यावर किंवा थोडी वर असेल तरच करते. जमिनीवर अंथरून वरून काँक्रीट ओतलेली जाळी म्हणजे पैसे मातीत घालणे होय. कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे, नगण्य किमतीत मिळतात, ते आग्रहाने ठेवून घ्यावेत.

तडा कोठे जावा हे आपणच ठरवायचे असते. २० फुटांच्या मध्यावर आडवा सांधा, म्हणजे सरळ खाच, कापला की १० फुटांचे दोन चौरस होतात. ४ इंच जाडीला हे माप कमाल मर्यादेच्या जवळपास असले तरी चालते. सांध्याची खोली जाडीच्या किमान चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे १ इंच हवी, आणि काप पहिल्या २४ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, घ्यायला हवा. घराच्या भिंतीला काँक्रीट चिकटू देऊ नये, मध्ये अर्ध्या इंचाची फोमची पट्टी ठेवावी. कापण्याचे यंत्र एवढ्याशा कामासाठी वेगळे भाड्याने आणावे लागते आणि हा खर्च दरपत्रकात फारसा कोणी लिहीत नाही. ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरून घासण्याची पद्धतही थांबवावी, कारण पुढे तोच थर पापुद्र्यांसारखा सुटतो.

*

हाताने कालवण्याऐवजी आम्ही तयार काँक्रीट मागवायचे ठरवले. प्रतीची चिंता मिटली, पण हिशेब वेगळाच निघाला. मोठ्या ट्रकमध्ये ६ घनमीटरच्या आसपास माल येतो आणि आमची गरज ५ इंच जाडीला जेमतेम २.४ घनमीटरची होती. कमी माल घेतला तरी किमान फेरीचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय आमच्या गल्लीत तो ट्रक वळत नव्हता, म्हणून पंपाचे भाडे आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबल्यास प्रतीक्षेचे शुल्क अशा दोन रकमा पुढे आल्या. कालवल्यापासून साधारण दोन तासांत माल ओतून व्हावा लागतो, त्यामुळे हाताखालची माणसेही जास्त लावावी लागतात. अखेरीस शेजाऱ्यांच्या आवारातील काम त्याच दिवशी धरून एक फेरी दोघांत वाटून घेतली, तेव्हा कोठे दर परवडला. एकट्या मोटारीच्या जागेसाठी मिक्सर लावणेच किफायतशीर पडते, असे माझे मत झाले आहे.

*

आम्ही संपूर्ण जागा न भरता चाकांखाली दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या केल्या. क्षेत्रफळ २०० वरून ८० चौरस फुटांवर आले, म्हणून खर्चही ४० टक्क्यांवर येईल अशी आमची अपेक्षा होती. तसे झाले नाही. पूर्ण जागेला शटरिंग चारही बाजूंनी ६० फूट लागते आणि दोन पट्ट्यांना मिळून ८८ फूट लागते, शिवाय मजुरांची हजेरी तेवढीच राहते. बचत झाली ती मालात आणि खोदाईत. मधल्या भागात पावसाचे पाणी मुरते ही जमेची बाजू आहे. गाडी बदलण्याचा विचार असेल तर पट्ट्यांची रुंदी थोडी वाढवून घ्यावी.

*

फक्त एक सूचना. काँक्रीट ओतण्यापूर्वी दोन रिकामे पीव्हीसी पाइप आडवे टाकून त्यांची तोंडे बंद करून ठेवावीत. विजेवर चालणारी गाडी आली तेव्हा आमची चार्जिंगची केबल त्यातून सहज नेता आली. सांडपाण्याच्या चेंबरची झाकणे नव्या पातळीपर्यंत उचलून घेणे हाही स्वतंत्र खर्च आहे.

*

वर अभियंत्यांनी लिहिलेले पटते, तरीही आम्ही पेव्हर ब्लॉक निवडले, कारण आमची जलवाहिनी त्याच जागेखालून जाते आणि गळती झाल्यास ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. मोटारीसाठी ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक घेतले. जड वाहनांना ८० मिलिमीटर सुचवतात. मुरुमाचा थर मात्र येथेही तेवढाच लागतो, आणि कडेने काँक्रीटची पक्की किनार नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात. त्या किनारीमुळे सुरुवातीचा खर्च काँक्रीटपेक्षा फारसा कमी आला नाही.

*

आम्ही तीन ठेकेदारांची दरपत्रके घेतली होती आणि सर्वांत कमी दर असलेल्याचे पत्रक सर्वांत त्रोटक होते. त्यात उतार, फाटकाशी पाण्याची जाळीची नाली आणि बाहेरच्या रस्त्यापर्यंतचा उतरता भाग यांचा उल्लेखच नव्हता. आम्ही ८० फुटांना १ फूट असा उतार मागितला, म्हणजे २० फुटांत ३ इंच, आणि तो घरापासून दूर जाणारा असावा असे लिहून घेतले. पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची हेही लिहून घ्यावे, कारण किमान ७ दिवस गोणपाट ओले ठेवायचे असते आणि ठेकेदाराची माणसे दुसऱ्या दिवशीच निघून जातात. जाडी मोजण्याची पद्धत आमच्या गवंड्यानेच दाखवली. शटरिंगच्या दोन्ही फळ्यांवर दोरी ताणायची आणि दोरीपासून दाबलेल्या मुरुमापर्यंतचे अंतर मध्यभागी चार-पाच ठिकाणी मोजायचे. कडेला ४ इंच दिसते, पण मध्ये मुरूम फुगीर राहिलेला असला तर तेथे ३ इंचच भरतात, आणि सर्वत्र एक इंच कमी भरला तर १७ घनफूट, म्हणजे चौथा हिस्सा काँक्रीट कमी पडते. आमच्याकडे दोन ठिकाणी मुरूम खरवडून काढावा लागला, आणि ते काम मिक्सर सुरू होण्यापूर्वीच झाले.