‘स्पायसी’ रोमान्स वाचणाऱ्या पुणेकरांनो, तुमचं मत आणि अनुभव सांगा

मी इंग्रजीतल्या आजच्या रोमान्स कादंबऱ्या भरपूर वाचते, त्यातही ‘स्पायसी’ म्हणतात त्या, म्हणजे शरीरसंबंधाचं उघड वर्णन असलेल्या, जास्त. या पुस्तकांबद्दल आपल्याकडे एक तर नाक मुरडून बोलतात, नाही तर मैत्रिणींच्या घोळक्यात खुसखुसत. रहस्यकथेबद्दल आपण जसं बोलतो, कुठली जमली, कुठली फसली आणि का, तसं या पुस्तकांबद्दल बोलावं असं मला फार वाटतं. म्हणून हा धागा.

माझं मत आधी सांगते. शरीरसंबंधाचा प्रसंग किती पानांचा आहे, किती उघड आहे, यावरून मी पुस्तक जोखत नाही. त्या प्रसंगानंतर ती दोघं बदलली का, हे बघते. प्रसंग काढून टाकला आणि गोष्टीचं काहीच बिघडलं नाही, तर तो भरीला घातलेला. चांगल्या पुस्तकात इतका वेळ न बोललेलं तिथे बाहेर येतं. तिला पोटावरच्या टाक्यांची लाज वाटते, त्याला आपण पुरे पडू का याची धास्ती असते. कोणीतरी ‘थांब’ म्हणतं आणि दुसरं माणूस खरोखर थांबतं, रुसत नाही, टोमणा मारत नाही. असं लिहायला फार ताकद लागते.

आता ही पुस्तकं ट्रोपच्या, म्हणजे गोष्टीच्या ठरलेल्या साच्याच्या, नावाने विकली जातात: एनिमीज टू लव्हर्स, फेक डेटिंग, एकच पलंग असलेली हॉटेलची खोली. आपल्याकडे टिकटॉक 2020 मध्ये बंद झालं, तरी तिथे गाजलेलं पुस्तक रील्समधून आपल्यापर्यंत पोचतंच. ट्रोपबद्दल माझी तक्रार नाही. बंदिश ओळखीची असली तरी गायक ती कशी मांडतो हे ऐकायला आपण सवाईला बसतोच. माझी तक्रार लांबीबद्दल आहे. किंडल अनलिमिटेड या ई-पुस्तकांच्या वर्गणी योजनेत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात, आणि अडीचशे पानांचं प्रेम पाचशे पानांवर ताणलेलं दिसलं की मला त्यामागे हा हिशेब दिसतो. मग शेवटाकडे एक ओढूनताणून आणलेला गैरसमज, ताटातूट, विमानतळ.

तुम्ही काय वाचता, कशाने पुस्तक मिटून ठेवता, घरात या वाचनाचं काय होतं? मोकळेपणाने लिहा. पुस्तकातले उतारे मात्र नकोत.

नारायण पेठ

माझी साठी उलटली आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पेठेतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत ‘मिल्स अँड बून’ प्रकाशनाच्या इंग्रजी प्रेमकथा रोजच्या भाड्याने मिळायच्या. लायब्ररीवाले काका वहीत पुस्तकाचं नाव न लिहिता नुसता नंबर लिहायचे, त्यामुळे घरच्यांनी वही पाहिली तरी काही कळत नसे. त्यांचे मी आजही आभार मानते.

ती कंपनी 1908 साली लंडनमध्ये सुरू झाली. आम्ही वाचायचो ती पुस्तकं दोनशेच्या आत पानांची. नायक वयाने बराच मोठा, श्रीमंत, बहुतेकदा ग्रीक किंवा इटालियन, आणि सतत चिडलेला. तो का चिडलाय हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळायचं नाही, कारण गोष्ट फक्त तिच्या डोळ्यांनी सांगितलेली. तो तिला जबरदस्तीने जवळ ओढायचा आणि लेखिका त्याला प्रेम म्हणायची. आम्हीही म्हणायचो, कारण दुसरं काही वाचलेलंच नव्हतं.

आता सून तिच्या किंडलवरची पुस्तकं मला देते. एक प्रकरण तिचं, एक त्याचं. त्याच्याही मनात भीती आहे, आई आजारी आहे, नोकरी जायची वेळ आली आहे. आणि तो विचारतो, ‘चालेल का?’ आमच्या पुस्तकांत हा प्रश्न मी एकदाही वाचला नव्हता. उघड वर्णनं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, तरी मला आजची पुस्तकं जास्त सभ्य वाटतात. मुलींनो, जुन्याच्या आठवणीत रमू नका, हे नवं खरंच चांगलं आहे.

हिंजवडी फेज दोन

पुरुष आहे, वय 36. बायकोचं आणि माझं किंडलचं खातं एकच, त्यामुळे तिची पुस्तकं माझ्याकडे दिसायची. एकदा कंपनीच्या बसमध्ये वाकडच्या पुलाखाली अडकलो असताना एक उघडलं आणि दोन दिवसांत संपवलं.

मुलगे हे सगळं कुठून शिकतात ते इथल्या पुरुषांना माहीत आहे. हॉस्टेलवर कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पाहिलेल्या क्लिप्समधून. त्यात बाई बोलत नाही, तिच्या मनात काय चाललंय हे सांगायची सोयच नसते. या कादंबऱ्यांमध्ये पानंच्या पानं तिच्या डोक्यात घडतात. तिला दिवसभर आलेला एखादा साधा मेसेज, त्याने न सांगता घासलेली भांडी, भांडणात त्याने आवाज न चढवणं, हे सगळं तिच्या दृष्टीने त्या रात्रीची सुरुवात असते. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मला हे एका कादंबरीतून कळलं. नंतर मी बायकोला विचारलं, ‘तुलाही असंच वाटतं का?’ त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत बसलो होतो. पुरुषांनी ही पुस्तकं वाचावीत असं मी अगदी मनापासून सांगतो.

पर्वतीपायथा

मला नाही आवडत. दारं बंद झाली की पुढचं माझं मी समजून घेते, ‘क्लोज्ड डोअर’ पुस्तकंच वाचते. वाचणाऱ्यांना नावं ठेवत नाही, पण एखादीला नकोसं वाटत असेल तर तिला मागासलेली समजू नका एवढंच म्हणणं आहे.

ओपीडीतून

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. लग्नाआधी आणि लग्नानंतर समुपदेशनाला येणाऱ्या मुलींशी माझा रोजचा संबंध, त्यामुळे या विषयावर मला कळकळीने लिहायचंय.

या पुस्तकांनी एक मोठं काम केलं आहे. पूर्वी ‘दुखतं’ एवढं म्हणायलाही तीन भेटी लागायच्या. आता पंचविशीतल्या मुली नेमके शब्द वापरतात, काय आवडतं आणि काय नाही हे सांगतात, आणि त्यातल्या कित्येकींना तशी भाषा वाचनातून मिळालेली असते.

पण शरीराच्या बाबतीत बहुतेक लेखिका फार सवलत घेतात. पहिल्याच वेळी सगळं सुरळीत, दोघांनाही एकाच क्षणी सुख, आणि तेही दर वेळी. प्रत्यक्षात निव्वळ संभोगाने परमोच्च सुखापर्यंत न पोचणाऱ्या स्त्रिया भरपूर आहेत, आणि ते पूर्णपणे नॉर्मल आहे. कादंबरीशी तुलना करून ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं मनाशी धरून मुली येतात तेव्हा मला वाईट वाटतं. काहींच्या बाबतीत योनीभोवतीचे स्नायू इतके आखडतात की संबंधच शक्य होत नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात. व्यायाम, डायलेटर (स्नायू हळूहळू सैल करायला वापरायची नळीसारखी साधनं) आणि समुपदेशनाने तो बरा होऊ शकतो. एखाद्या नायिकेला हा त्रास असावा आणि नायकाने धीर धरावा, असं पुस्तक कोणी लिहिलं तर मी ते माझ्या वेटिंग रूममध्ये ठेवीन.

चांगला बदलही सांगते. निरोधाचा उल्लेख आता बऱ्याच पुस्तकांत सहज येतो, आणि त्याने प्रसंगाची गोडी कमी होत नाही हे लेखिकांनी दाखवून दिलंय.

आणखी एक मागणी. पन्नाशीच्या नायिका कुठे आहेत? रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे कोरडेपणा येतो. त्यावर वंगण असतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायची क्रीम्स असतात, आणि इच्छा काही वयाबरोबर निवृत्त होत नाही. नारायण पेठकर काकू, तुमच्या वयाच्या नायिकेची गोष्ट तुम्हालाही आवडेल ना?

नारायण पेठ

हो, डॉक्टर. खूप आवडेल.

पुस्तकांच्या दुकानातून

डेक्कनजवळच्या एका दुकानात कामाला आहे. डॉक्टरांचं वाचलं आणि वाटलं, माझ्या काउंटरवरचं दुखणं सांगायलाच हवं.

सध्याच्या स्पायसी पुस्तकांची मुखपृष्ठं बघा. गुलाबी, आकाशी, हातात हात घातलेली कार्टून जोडी. सातवी-आठवीतल्या मुलीला घेऊन आई येते, मुलीने रीलमध्ये पाहिलेलं पुस्तक दाखवते, आईला ते चित्रावरून मुलांचं वाटतं. आत तर पूर्ण ओपन डोअर, सगळं उघड वर्णन. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र असतं, पुस्तकाला तसं काही नसतं, आणि कित्येकदा मागच्या कव्हरवरही वयाचा इशारा नसतो. मी तिथल्या तिथे हळू आवाजात सांगते, ‘मॅडम, हे अठराच्या पुढच्यांसाठी आहे.’ काही आया आभार मानतात. काही मुलीवरच डाफरतात, तेव्हा मला मध्ये पडावं लागतं, कारण त्या मुलीचा काहीच दोष नसतो. मी तिला प्रेमकथाच देते, तिच्या वयाची. प्रेमकथा वाचायची ओढ मोडू नये.

पुस्तकांवर बंदी घाला असं मी अजिबात म्हणत नाही. प्रकाशकांनी आत काय आहे ते बाहेर छापावं, एवढंच. आणि जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथवर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या नकली प्रती घेऊ नका. पानं गळलेली असतात आणि लेखिकेला त्यातला एक रुपया मिळत नाही.

हेल्पलाइनवरची

मी संध्याकाळी महिलांच्या हेल्पलाइनवर फोन घेते आणि ‘डार्क रोमान्स’बद्दल मला राग आहे. नायक तिच्या फोनवर पाळत ठेवतो, तिच्या मित्राला धमकावतो, खोलीचं दार बाहेरून लावतो, आणि हे सगळं प्रेमापोटी. मी रोज फोनवर ऐकते ते हेच असतं, फक्त तिथे तो देखणा अब्जाधीश नसतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे, पण आपल्या देशात सज्ञान पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती अजूनही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. अशा ठिकाणी वीस वर्षांच्या मुलीला पाळत म्हणजे प्रेम असं शिकवणारी पुस्तकं हसण्यावारी नेता येत नाहीत.

रातराणी

ताई, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, तरी दुसरी बाजू मांडते. मी डार्क रोमान्स वाचते. लहानपणी जे घडलं ते माझ्या हातात नव्हतं. पुस्तक माझ्या हातात असतं, ते मी कुठल्याही ओळीवर मिटू शकते. सुरुवातीच्या पानावर ट्रिगर वॉर्निंगची, म्हणजे पुस्तकात त्रास देऊ शकेल असं काय आहे याची, यादी असते, ती वाचून मी ठरवते. ज्या लेखिका ती यादी देत नाहीत त्यांची पुस्तकं मी घेत नाही.

हेल्पलाइनवरची

हे मी ऐकलं, आणि तुमचं म्हणणं मनावर घेतलं. विशीतल्या मुलींबद्दलची माझी काळजी मात्र तशीच आहे. यादी सगळ्यांनीच छापावी यावर आपलं एकमत आहे.

जुने दिवाळी अंक

बंदीचा विषय निघाला म्हणून मराठीतली एक हकिकत. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, भारतीय दंड संहितेचं कलम 292. उच्च न्यायालयात काकोडकर दोषी ठरले, दंड झाला. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की कथा सलग वाचायला हवी, समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत, आणि लिखाण कच्चं असेल, अभिरुचीला धरून नसेल, पण तेवढ्याने ते वाचकाला बिघडवणारं ठरत नाही. आपल्याकडे हा वाद इतका जुना आहे. त्याही मागे जायचं तर महाराष्ट्री प्राकृतातला प्राचीन कवितासंग्रह गाथासप्तशती आहे. नवरा परगावी, प्रियकर शेताच्या कडेला, चतुर सखी निरोप पोचवणारी. या मातीतल्या बायकांची इच्छा तिथे किती मोकळेपणाने बोलते! त्यामुळे ‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ असं कोणी म्हटलं की मला फार राग येतो.

रात्री अकरानंतर

मी मराठीत लिहिते, मोबाइल ॲपवर, भागाभागाने. मुलं झोपली की ओट्यापाशी उभी राहून टाइप करते. सुरुवातीला मीही कॉन्ट्रॅक्ट मॅरेज आणि गर्विष्ठ सीईओच लिहिले, कारण वाचक तेच मागतात आणि भाग संपायच्या आत ‘पुढचा कधी?’ येतं.

आता मी पुण्याची गोष्ट लिहितेय आणि तिथे खरी अडचण कळली. इंग्रजी पुस्तकांतल्या नायिकेला स्वतःचं घर असतं. माझी नायिका धायरीला दोन खोल्यांत सासू, दीर आणि दोन मुलांसह राहते. एकच पलंग हा तिकडे ट्रोप, इकडे तो पलंग सासूबाईंचा. लग्न न झालेल्यांची तर आणखी पंचाईत. पीजीचं गेट दहाला बंद होतं, लॉजवर आधार कार्ड बघून ‘लोकल चालत नाही’ म्हणतात, तळजाईवर कोणीतरी हटकतं. त्यामुळे माझ्या गोष्टीत जागा मिळणं हीच निम्मी गोष्ट आहे. सासू चार दिवस पंढरपूरला गेली आहे, मुलं ट्यूशनला, दुपारचे साडेतीन, आणि नवरा हाफ डे टाकून घरी आलाय. दोघांना काय बोलावं हेच सुचत नाहीये. मी तो भाग तीन वेळा खोडला, कारण मला तो लाजेने आटोपायचा नाहीये आणि परक्या पुस्तकासारखाही करायचा नाहीये. तिला चहा हवाय, तो ठेवायला उठतो, ती त्याचा हात धरते. इथपर्यंत आलेय.

डॉक्टर, व्हजायनिस्मसबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला हवं होतं. माझ्या नायिकेला लग्नापासून दुखतं आणि तिने ते कोणालाच सांगितलेलं नाही. उपचारात पहिल्या भेटीत काय विचारतात, नवऱ्याला बरोबर बोलावतात का, डायलेटर घरी वापरायला देतात का, हे सविस्तर सांगाल? मला ते चुकीचं लिहायचं नाही.