शाळेच्या परसबागेत स्वयंसेवकांनी नेमकं काय करायचं? अनुभव धागा

मृगाच्या तोंडावर शाळा उघडते, आवारातला कोपरा साफ होतो आणि "आम्हीपण येतो की" म्हणणारी माणसं भरपूर मिळतात. गणपती येईपर्यंत वाफ्यात गवत गुडघाभर झालेलं असतं. किती वेळ द्यायचा, कुठल्या वारी यायचं, सुट्टी कुणाला सांगून घ्यायची, मुलांच्या हातचं काम कुठलं आणि आपल्या हातचं कुठलं, हे त्या माणसांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी, कुठल्याही गावात शाळेच्या किंवा गल्लीच्या सामाईक बागेत मुलांना शिकवणाऱ्यांनी लिहावं. आपली गोष्ट बाजूला ठेवून माप, वेळ, प्रमाण, काय बिघडतं आणि का बिघडतं तेवढं लिहा. नव्या माणसाला तेच लागतं.

सुरुवात मी करतो. माणसाकडून शब्द वर्षाचा घेऊ नका, हंगामाचा घ्या. जून ते सप्टेंबर एक, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. आठवड्यातून ठरलेल्या वारी दोन तास आणि पाण्याची एक पाळी, एवढंच मागायचं. प्रत्येक वाफ्याला दोघांची जोडी नेमायची. येता येत नसेल तर आदल्या रात्री आठच्या आत जोडीदाराला फोन करायचा, ग्रुपवर मेसेज टाकायचा नाही. ग्रुपवरचा मेसेज सगळे वाचतात, दुसरा कुणीतरी जाईल असं प्रत्येकाला वाटतं, आणि वाफा कोरडा राहतो.

वडगाव, बेळगाव

तास कसा चालवायचा ते लिहिते. ४५ मिनिटं धरा. पहिली ८ ते १० मिनिटं बोलणं, तेही वाफ्याशेजारी उभं राहून. मग २५ मिनिटं काम. शेवटची १० मिनिटं अवजारं धुणं, मोजून ठेवणं आणि साबणानं हात धुणं. ही शेवटची दहा मिनिटं खाल्ली की खुरपी मातीत राहतात, गंजतात, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी पायाला लागतात.

आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. एका गटाला सहा खुरपी, दोन बुट्ट्या, दोन झाऱ्या पुरतात. कुदळ आणि टिकाव मोठ्यांच्याच हातात. झारी ८ लिटरची असेल तर तिसरी-चौथीच्या मुलांना अर्धीच भरून द्या. पूर्ण भरलेली झारी दोन्ही हातांनी ओढत नेताना ती वाफ्यावर टेकवतात आणि रोपं मोडतात.

अंतर मोजायला "एक वीत" असं सांगू नका. मोठ्या माणसाची वीत नऊ इंच भरते, चौथीच्या मुलाची सहाच्या आसपास. एक फुटाची बांबूची काठी घ्या, तीन-तीन इंचांवर विळ्यानं खाच पाडा आणि प्रत्येक गटाला एक द्या. भेंडी दीड फुटाच्या ओळीत एक-एक फुटावर, म्हणजे ओळीत एक काठी, दोन ओळींत दीड काठी. खोलीसाठी मात्र बोट चालतं. बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. भेंडी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, मेथी-माठ वर नुसती भुरभुर माती.

कोथिंबिरीचा धना अख्खा पेरू देऊ नका. चपलेखाली हलका रगडून दोन डाळ्या करायच्या. भुगा झाला तर उगवत नाही. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबीर आठ ते बारा दिवस घेते. हे मुलांना आधी सांगितलं नाही तर पाचव्या दिवशी ती माती उकरून बघतात, आणि कोंब तिथेच मोडतो.

आणखी एक. मुलाची ओळ वाकडी आली तर ती आपण सरळ करायची नाही. वाकड्या ओळीतली मेथीसुद्धा पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते.

खानापूर

आमच्याकडे पाऊस बेळगावपेक्षा बराच जास्त, तांबडी जांभ्याची माती. वाफा सपाट केला की आषाढात बी वाहून जातं, राहिलेलं कुजतं. गादीवाफा ७ ते ८ इंच उंच, रुंदी अडीच फूट (मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे), लांबी दहा फूट, मधली वाट दीड फूट. वाफा उताराला आडवा घ्यायचा.

पावसाळ्यात उघड्यावर टोमॅटो आणि कोथिंबीर लावून मुलांना निराश करू नका. करपा येतो, पानं सडतात. जून-जुलैला दोडका, काकडी, भेंडी, वांगी, लाल भोपळा. पालेभाज्या दसऱ्याच्या आगेमागे.

गोगलगायींचं काम स्वयंसेवकांचंच. संध्याकाळी ओलं पोतं वाफ्याच्या कडेला अंथरायचं, सकाळी उलटलं की खाली सापडतात. चिमट्यानं उचलून मिठाच्या घट्ट पाण्याच्या डब्यात. नुसत्या हातानं धरायच्या नाहीत, मुलांना धरू द्यायच्या नाहीत. ते मिठाचं पाणी वाफ्यात ओतू नये, मीठ मातीत राहतं.

पालापाचोळ्याचा ढीग, विटांची रास, कौलांचा थर, इथे मुलांच्या आधी मोठ्यांनी काठी फिरवायची. घोणस आणि मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत. चावलंच तर दोरी बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. हात-पाय न हलवता ठेवायचा, १०८ ला फोन, सरळ सरकारी दवाखाना. हा नंबर अवजारांच्या खोलीच्या दारावर रंगानं लिहून ठेवा. काँग्रेस गवत फुलावर यायच्या आत मोठ्यांनी हातमोजे घालून मुळासकट काढावं. कातडीला खाज सुटते आणि फुलावर आलं की दम्याच्या मुलांना त्रास होतो.

निपाणी

एक गोष्ट आमच्या भागासाठी फार महत्त्वाची. इथे घरोघरी तंबाखूचं काम. तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगं ही एकाच कुळातली. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुकलेल्या पानातही टिकतो आणि हातावरून रोपाला लागतो. विड्या वळून, पान हाताळून किंवा तंबाखू मळून आलेल्या माणसानं टोमॅटो-मिरचीच्या रोपाला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे, पान आखडलेलं दिसलं तर ते रोप उपटून लांब जाळायचं. औषध नाही त्याला. आणि त्याच हातानं पुढच्या रोपाकडे वळायचं नाही.

दुसरं, तंबाखूचा काढा फवारणीला वापरू नका. "घरचंच आहे, सेंद्रिय आहे" असं म्हणतात, पण निकोटिन कातडीतून अंगात जातं. मुलांच्या बागेत त्याला जागा नाही. त्याऐवजी ५ टक्के निंबोळी अर्क: १० लिटर पाण्याला अर्धा किलो सुकी निंबोळी, जाडसर कुटून, फडक्यात बांधून रात्रभर भिजत घालायची. सकाळी पिळून गाळायचं, चमचाभर साबणाचं पाणी घालायचं, त्याच संध्याकाळी फवारायचं. सकाळी फवारलं तर उन्हात गुण उतरतो. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेलं निम्मं वाया.

जीवामृताचं (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत) प्रमाण सगळीकडे एकराचं, २०० लिटरचं सांगतात. शाळेला २० लिटरची बादली पुरे: शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ २०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. सावलीत, फडकं बांधून, दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं. तीन दिवसांनी वापरायला घ्यायचं, आठवड्यात संपवायचं. झाकण घट्ट लावलं की वायू कोंडतो. पातळ करून मुळाशी ओतायचं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला असं कच्चं खायचं त्यावर कधीच नाही. शेणात हात घालायचं काम मोठ्यांचं, मुलांचं काम मोजण्याचं आणि लिहिण्याचं.

अथणी

खानापूरच्या ताई उंच वाफ्याचं सांगतात ते त्यांच्याकडे बरोबर. आमच्याकडे उलट करा. काळी माती, पाऊस बेळगावच्या निम्म्याच्या आसपास, उन्हाळा कडक. वाफा वाटेपेक्षा तीन-चार इंच खाली घ्यायचा, म्हणजे पाणी थांबतं.

किती वाफे करायचे ते पाण्यावरून ठरवा, उत्साहावरून नको. दहा बाय तीन फुटांचा वाफा म्हणजे ३० चौरस फूट, जवळपास २.८ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर लागतं, म्हणजे एका वाफ्याला रोज १५ लिटर, ८ लिटरच्या दोन झाऱ्या. दहा वाफ्यांना १५० लिटर. नळ एक दिवसाआड येत असेल तर ३०० लिटरची साठवण हवी. ही नसेल तर चारच वाफे करा. हे गणित सहावी-सातवीच्या मुलांकडूनच करवून घ्यायचं, फळ्यावर.

मडक्याचं पाणी आमच्या भागात फार कामाचं. न रंगवलेलं, न तेल लावलेलं ५ ते ८ लिटरचं मडकं (खानापूरकडची चांगली मिळतात) गळ्यापर्यंत पुरायचं, दोन मडक्यांत अडीच-तीन फूट अंतर, तोंडावर झाकण, नाहीतर डास होतात. पुरायच्या आधी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर ते पाझरतं, कोरडंच राहिलं तर विकणाऱ्याला परत द्या. रोपं मडक्यापासून फुटभरात. तीन-चार दिवसांनी भरावं लागतं. वर्षभरानं पाझर कमी होतो, क्षार बसतात. काढून काथ्यानं घासायचं.

शहापूर, बेळगाव

पाट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. आपल्याकडे एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी मुलं असतात. पाटी दोन्हींत हवी: वांगं बदनेकायी, भेंडी बेंडेकायी, दोडका हिरेकायी, अंबाडी पुंडी. आणि गवारीला कन्नडमध्ये जवळीकायी म्हणतात. मराठी कानाला ते "चवळी" ऐकू येतं. पेरणीच्या दिवशी बियांच्या पुड्या याच एका शब्दानं बदलतात. पुडीवर नाव लिहा, आतल्या दोन बिया बाहेर डकवा. कागदाची पाटी पहिल्या पावसात जाते. फुटक्या कौलाच्या तुकड्यावर ऑइल पेंटनं लिहायचं आणि दोन इंच मातीत रोवायचं. मुलांनी एकमेकांची भाषा या पाट्यांवरून उचलावी, स्वयंसेवकानं त्यात वाद आणू नये.

उचगाव

पहिलं पीक रताळं घ्या. बेळगावच्या पश्चिमेची तांबडी माती त्याचीच. वेलाच्या शेंड्याकडचे नऊ ते बारा इंचांचे तुकडे, दोन-तीन डोळे मातीत, फूटभर उंच सरीवर, दोन तुकड्यांत फूटभर अंतर. महिन्या-दीड महिन्यानं वेल उचलून फिरवायचे, नाहीतर जागोजागी मुळं धरतात आणि खाली बारीक गाठीच होतात. चार महिन्यांत काढणी. बी उगवलं नाही, रोप मेलं ही भानगड नाही, आणि जमिनीतून रताळं निघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

माल वाटायचा नियम पेरणीच्याच दिवशी फळ्यावर लिहा. आधी बिसियूटाच्या (शाळेतलं दुपारचं जेवण) स्वयंपाकघराला, मग त्या वाफ्यावर राबलेल्या मुलांना, उरलं तर एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) ठरवेल तसं. स्वयंसेवकानं काहीही घरी न्यायचं नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही. काढणीचं वजन तिथेच तराजूवर करून वहीत: तारीख, वाफा, किलो, कुणी तोललं. हे नसलं की पहिल्याच भोपळ्याला कुजबूज सुरू होते.

वडगाव, बेळगाव

परत लिहिते, कारण सुट्टीचं राहिलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत शाळा बंद, आणि बागा मरतात त्या याच सात आठवड्यांत. फेब्रुवारीनंतर नवीन पालेभाजी पेरायचीच नाही. मार्च अखेरीस वाफे रिकामे करून चार इंच पालापाचोळा पसरायचा. शेवगा, कढीपत्ता, केळ, अळू एवढंच ठेवायचं. त्यांना आठवड्यातून दोन पाळ्या पुरतात. अळू सांडपाण्याच्या तोंडाशी असलं तर तेही नको. वळवाचा पाऊस झाला की हिरवळीच्या खतासाठी ताग टाकायचा, ४० ते ४५ दिवसांनी फुलावर यायला लागला की गाडायचा.

सुट्टीतल्या पाळीला गावात राहणारीच माणसं लावा. नावं, वार आणि फोन कागदावर लिहून तो कागद शाळेच्या शिपाईमामांकडे द्या, कारण गेटची आणि नळाच्या पेटीची किल्ली त्यांच्याच जवळ असते. ते गावाला जाणार असतील तर किल्ली कुणाकडे, हे मुख्याध्यापकांना विचारून मार्चमध्येच ठरवा.