‘बरिअल ग्राउंड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडमधल्या जॉर्डन्स इथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या ‘बरिअल ग्राउंड’वरचा लेख मराठीत आणते आहे. ‘कब्रस्तान’ म्हटलं की मुसलमानांचं वाटतं, ‘स्मशान’ म्हटलं की चिता आठवते. ‘चर्चचं आवार’ चालेल?

– आवार नकोच! क्वेकर चर्चच्या इमारतीला चर्च म्हणत नसत, ‘मनोऱ्याचं घर’ म्हणत. चर्च म्हणजे माणसं, दगडविटा नव्हेत, असं त्यांचं ठाम मत. म्हणून तर पुरण्यासाठी त्यांनी स्वतःच्या जमिनी घेतल्या. लंडनला बनहिल फील्ड्सजवळ १६६१ साली, जॉर्डन्सला १६७१ साली. ‘दफनभूमी’ लिहा. अरबी ‘दफन’ला संस्कृत ‘भूमी’ जोडून झालेला हा शब्द मराठीत चांगला रुळलाय, लिंगायतांच्या जागेलाही तोच वापरतात.

– शेजारच्या ‘मीटिंग हाऊस’ला ‘सभाघर’ म्हणा, ‘प्रार्थनामंदिर’ नको. ती विटांची, कौलारू, एखाद्या घरासारखी दिसणारी वास्तू आहे. आत वेदी नाही, प्रवचनाचं व्यासपीठ नाही. लोक बाकांवर गप्प बसतात. ती १६८८ सालची. आधीच्या वर्षी दुसऱ्या जेम्स राजाने धर्माबाबत सवलतीचा जाहीरनामा काढला, तेव्हा कुठे उघडपणे बांधता आली. मेलेल्यांना जागा मिळाल्यावर जिवंतांना सतरा वर्षं थांबावं लागलं, हे लेखात जरूर येऊ द्या.

प्रश्न : आणि ‘विल्यम पेन यांचं थडगं’? पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापणारे हे क्वेकर तिथेच पुरलेले आहेत.

– इथे जपून. थडगं म्हटलं की वर काहीतरी बांधलेलं आलं. क्वेकरांच्या लंडनच्या वार्षिक सभेने १७१७ साली कबरींवरचे दगड काढायला सांगितलं होतं. मेल्यावर तरी लहानमोठा भेद नको. पेन गेले १७१८ साली. साध्या, एकसारख्या दगडांना परवानगी मिळाली थेट १८५० साली. आज दिसणारे छोटे दगड त्यानंतरचे. तेव्हा ‘पेन यांना पुरलं ती जागा’ असंच लिहा.

– ‘स्मशान’ही मुळात चितेला बांधलेला नाही बरं का. यास्काने निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात ‘श्मशयन’ अशी फोड दिली आहे, श्म म्हणजे शरीर. शरीर निजतं ती जागा. अर्थ किती जवळचा! पण आजच्या वाचकाला चिताच दिसणार, त्यामुळे दफनभूमीच बरी.

प्रश्नकर्ती : ‘दफनभूमी’ आणि ‘सभाघर’ घेतले. ‘थडगं’ तीन ठिकाणी होतं, तिन्ही काढलं.