कपड्यांच्या ब्रँडच्या मालकाने विक्रीला आणि जाहिरातीला स्वतः उभे राहावे का?

सुईदोरा, लातूर

सर्वांना नमस्कार. लातूरमध्ये माझा सुती कुर्ते आणि अनारकली शिवण्याचा छोटा व्यवसाय आहे. सहा मशिनी आणि एक ओव्हरलॉक आहे, बेतायला मी आणि एक मास्तर आहोत, आणि स्वतःच्या नावाचे लेबल लावून माल विकायला लागल्याला हे चौथे वर्ष चालू आहे. पहिली दोन वर्षे प्रदर्शनातल्या टेबलामागे मीच उभी राहत असे, व्हॉट्सॲपवरच्या चौकशांना रात्री अकरापर्यंत मीच उत्तरे देत असे आणि इन्स्टाग्रामवर कुर्ता अंगावर घालून दाखवणारीही मीच होते. काम वाढले तसे गेल्या वर्षी समाजमाध्यमांचे काम पुण्यातील एका एजन्सीकडे सोपवले आणि गंजगोलाईजवळच्या गाळ्यात एक विक्रेती नेमली.

तेव्हापासून फोटो देखणे झाले आहेत, पण जुनी गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आहेत. या एजन्सीने वेळ अमावस्येच्या दिवशीच 'फक्त आज, दुकानात येणाऱ्यांना सवलत' अशी जाहिरात केली. त्या दिवशी अर्धे लातूर शेतावर भज्जी-आंबील खायला गेलेले असते, हे पुण्यातल्या मुलांना कोण सांगणार? विक्रेतीने दिवसभर दुकान उघडे ठेवले आणि भवानीसुद्धा झाली नाही.

मी पुन्हा स्वतः विक्रीत उतरावे असे मला वाटते. सासऱ्यांचे म्हणणे असे की, मालकाने गल्ल्यावर बसावे, गिऱ्हाइकापुढे कापड उलगडत बसू नये, त्याने ब्रँडची किंमत उतरते. ज्यांनी हे दोन्ही करून पाहिले आहे, त्यांनी अनुभव सांगावा.

गुलमंडीवाला, छत्रपती संभाजीनगर

आमचे कापडाचे दुकान तिसऱ्या पिढीत आहे, त्यामुळे आपल्या सासऱ्यांचे वाक्य मी घरात पुष्कळदा ऐकले आहे. त्यात निम्मे खरे आहे. मालकाने कापड जरूर उलगडावे, परंतु भाव बोलू नये.

याचे कारण साधे आहे. घासाघीस चालू असताना नोकर 'मालकांना विचारून सांगतो' असे म्हणू शकतो आणि त्या दोन मिनिटांत गिऱ्हाईकही विचार करते, आपणही करतो. मालकाला विचारायला कोणी नसते. त्याने एकदा पन्नास रुपये सोडले की तोच त्या मालाचा भाव ठरतो आणि पुढच्या खेपेला ते गिऱ्हाईक 'मॅडम कुठे आहेत?' असे विचारतच पायरी चढते. माझे वडील म्हणूनच दुकानभर फिरत, बायकांना पदर खांद्यावर टाकून दाखवत, पण बिलाच्या टेबलाकडे त्यांची पाठ असे. आपणही आरशाजवळ उभे राहावे आणि बिल विक्रेतीला करू द्यावे.

आणखी एक बाब लिहितो, कारण ती हिशेबनिसाच्या आधी काउंटरवर कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची विक्री-किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेली की १८ टक्के आहे. म्हणजे २,५०० ची अनारकली गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडते आणि २,६०० ची ३,०६८ ला पडते. आपण शंभर रुपये वाढवले, गिऱ्हाइकाने मात्र ४४३ जादा मोजले. आमच्याकडे दिवाळीच्या मालात अशी एक रांग तशीच पडून होती, विक्रेता म्हणत होता की रंग चालत नाही. मी स्वतः दोन दुपारी उभा राहिलो तेव्हा दिसले की बायका रंग पसंत करत होत्या आणि बिलाचा आकडा ऐकून कपडा खाली ठेवत होत्या.

पार्सल_परत, नांदेड

माझी सगळी विक्री ऑनलाइन असल्यामुळे आरशाजवळ उभे राहण्याची सोय मला नाही. तरीही मालकाने उतरावे, याच मताचा मी आहे, आणि ते मत मी परत आलेल्या पार्सलांकडून शिकलो.

गेल्या पावसाळ्यात एका कुर्त्याचे पार्सल मोठ्या संख्येने परत येऊ लागले. परतीचे कारण म्हणून प्रत्येकीने 'साइज बरोबर नाही' एवढेच निवडलेले होते. आमच्या मुलाने साइजचा तक्ता ठळक अक्षरांत छापला आणि प्रश्न सुटला असे समजून तो मोकळा झाला. मी मात्र एका संध्याकाळी त्यांतल्या दहा-बारा जणींना स्वतः फोन लावले. पहिल्या दोघींनी फोन ठेवून दिला, तिसरी म्हणाली, 'दादा, छातीला बरोबर आहे, मुंढ्यात आवळतो, भाकरी थापायला हात पुढे केला की शिवण ताणते.' पुढच्या चौघींनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितले. तक्त्यात मुंढ्याचे, म्हणजे बाही जोडतात त्या जागेचे मापच नव्हते. आम्ही मुंढा अर्धा इंच खाली घेतला, शिवणीत माया, म्हणजे कडेचे राखीव कापड, थोडी जास्त सोडली आणि त्या कुर्त्याची परती बऱ्यापैकी आटोक्यात आली. हे वाक्य कोणत्याही एजन्सीच्या अहवालात मला मिळाले नसते.

बाहेरचे दाखलेही याच बाजूचे आहेत. अमेरिकेत सारा ब्लेकली यांनी २००० साली स्पँक्स हा अंतर्वस्त्रांचा ब्रँड सुरू केला, तेव्हा एका मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकारी बाईंना प्रसाधनगृहात नेऊन, ते अंतर्वस्त्र घालण्याआधी आणि घातल्यावर पँट कशी दिसते हे त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवले. माल ठेवला गेल्यानंतरही दुकानांत उभे राहून त्या स्वतः विकत होत्या. नाइकेचे फिल नाइट यांनी १९६४ साली कंपनी ब्लू रिबन स्पोर्ट्स या नावाने काढली तेव्हा धावण्याच्या स्पर्धांच्या मैदानावर गाडीच्या डिकीतून बूट विकले. दोघांनाही ब्रँडची किंमत उतरल्याचे जाणवले नसावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मालक उत्साहाच्या भरात स्वतःच्याच मालाला वेगळ्या नावाने पाच तारे देऊ लागतो, वहिनीकडून आणि मावशीकडून अभिप्राय लिहून घेतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी आपल्याकडच्या बायका मावशीची भाषा लगेच ओळखतात.

हातमाग, पैठण

आमचा व्यवसाय पैठणीचा आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण प्रदर्शनातल्या गिऱ्हाइकाला ते प्रमाणपत्र दाखवून पटत नाही. यंत्रावरची साडी शेजारच्या टेबलावर आमच्या किमतीच्या एका छोट्या हिश्श्यात ठेवलेली असते आणि लांबून दोन्ही मोर सारखेच दिसतात. अशा वेळी मी काही न बोलता पदर उलटा करतो. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी गुंतवून परत फिरवलेला असतो, म्हणून मोर मागूनही जवळजवळ तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या साडीच्या मागे मात्र सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. नंतर मी गिऱ्हाइकाचे बोट त्या मागच्या बाजूवरून फिरवायला सांगतो.

पगारी विक्रेत्याला मी हे शिकवले होते. तो पदर उलटा करत असे, पण 'मुनिया कोणती आणि असावली कोणती' असा नक्षीबद्दलचा (मुनिया म्हणजे पोपट, असावली म्हणजे फुलवेल) पुढचा प्रश्न आला की गडबडत असे. विणणाऱ्याच्या घरातला माणूस टेबलामागे असला की त्या प्रश्नापासूनच खरे बोलणे सुरू होते. आपण स्वतः बेतता, त्यामुळे हीच सोय आपल्याकडेही आहे, ती एजन्सीकडे नाही.

कातर, परभणी

सगळेच एका सुरात बोलत आहेत, म्हणून मी उलट बाजू मांडतो. गेल्या लग्नसराईत मी सलग तीन प्रदर्शनांना स्वतः गेलो. विक्री झाली, कौतुकही झाले, आणि मागे कारखान्यात कापड न भिजवता थेट बेतले गेले. पहिल्याच धुण्यात तो सगळा लॉट आटला. ज्या गिऱ्हाइकांशी मी गोड बोलून आलो होतो त्यांचेच फोन मला घ्यावे लागले.

झारा या कपड्यांच्या ब्रँडचे संस्थापक अमान्सिओ ओर्तेगा यांनी १९७५ साली पहिले दुकान काढले, आणि ते आजवर मुलाखती जवळजवळ देतच नाहीत, जाहिरातीवरही त्यांच्या कंपनीचा भर कमीच राहिला आहे. तिथे दुकानांचे व्यवस्थापक काय विकले गेले आणि गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाताने गेले, हे मुख्यालयाला सतत कळवत असतात. म्हणजे मालकाचा चेहरा दिसला नाही तरी चालते, कान मात्र दुकानात हवेत. आपल्या विक्रेतीला एक वही देऊन पाहिली आहे का?

सुईदोरा, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. वही दिलेली नव्हती, ही माझीच चूक आहे. आता असे ठरवले आहे की सोमवार ते शुक्रवार मी बेतण्यावर राहीन, शनिवारी आणि रविवारी दुकानात आरशाजवळ उभी राहीन आणि भाव विक्रेतीच बोलेल. एजन्सीकडे फक्त फोटो आणि मांडणी ठेवली आहे. मजकूर आणि जाहिरातीच्या तारखा मी पाठवणार आहे, आणि वेळ अमावस्या, पोळा, तुळजापूरचे नवरात्र, सोयाबीनचे पैसे हातात येण्याचा काळ अशा दिवसांची यादी त्यांना आधीच दिली आहे.

काल पहिला रविवार होता. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी कुर्ता घालून पाहिला, खिशात हात घातला आणि म्हणाल्या, 'खिसा चांगला आहे, पण इतका वर आहे की स्कूटीवर बसले की मोबाइल पोटात टोचतो.' विक्रेतीने ते माझ्यादेखत वहीत लिहिले. वहीची मागची पाने उलटली तेव्हा कळले की तिने आपणहून बाजूच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अशीच सात-आठ वाक्ये आधीच लिहून ठेवली होती आणि ती वहीत चिकटवली होती. खिशाबद्दलचे त्यांत दोनदा आहे. मास्तरांनी आज सकाळी खिसा दीड इंच खाली घेऊन दोन नग बेतले आहेत.